बर्फाला घाम फुटेपर्यंत

साकोऱ्याच्या आरोग्य केंद्रापाशी डांबरी रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो. तिथल्या कडुनिंबाखाली आबाजींनी फ्रीझरमधले आइसपॅक (पाणी भरून गोठवलेल्या चपट्या डब्या) ओळीने मांडून ठेवले होते. दिवस नुकताच वर आला होता, तरी हवा भट्टीच्या तोंडासारखी झाली होती. कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसला होता.

चारूला ते बघवेना.

"आबाजी, लस गार राहायला हवी ना? मग बर्फ असा बाहेर कशाला टाकलाय?"

"घाम फुटायची वाट बघतोय."

"बर्फाला घाम?"

"तुझ्यासारखाच फुटतो. फक्त तो कुरकुर करत नाही."

आबाजी म्हणजे चारूचे आजोबा. शीतसाखळी (कारखान्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत कुठेही न तुटणारा गारवा) राखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनीच हरण्या घडवला. हरण्या हा सहा पायांचा, ओझं वाहणारा यंत्रमानव. पोळ्याला गावच्या पोरींनी त्याला रंग दिला आणि गळ्यात घुंगरं बांधली, ती पुन्हा कुणी काढलीच नाहीत. त्याच्या पोटात जाड भिंतींची लसपेटी होती. फ्रिजचं यंत्र मात्र नव्हतं, कारण बॅटरीची सगळी ताकद घाट चढायला लागायची. गारवा धरायचा तो बर्फाने.

आजची लस करकापेठ्याला जायची होती. शेजारच्या खोऱ्यात डांग्या खोकला आला होता, आणि करकापेठ्याला मामाच्या घरी चारूची आई होती, दीड महिन्याचा भाऊ होता. त्याचं बारसंही व्हायचं होतं. उष्ण वाऱ्याच्या झोतांमुळे ड्रोन बंद होते. आबाजींचे गुडघे चढ मानत नव्हते. वाट चारूच्या पायाखालची होती, म्हणून हरण्यासोबत ती निघाली होती.

"आता ऐक," आबाजी म्हणाले. "ही लस दोन ते आठ अंशांत सुखी असते. उन्हाने ती हळूहळू खराब होते. पण एकदा गोठली की संपली. मग वितळली तरी पाण्यासारखी निकामी, आणि वरून बघून कळतही नाही."

"म्हणजे जास्त थंडीसुद्धा वाईट?"

"फ्रीझरमधून काढलेला बर्फ उणे वीस अंशांवर असतो. तो लसीशेजारी ठेवला तर तिलाच गोठवेल. पण बर्फ वितळू लागला की गंमत होते. रेला नाचताना तुम्ही एकमेकांचे हात कसे धरता?"

"घट्ट."

"बर्फातले पाण्याचे रेणू (पदार्थाचे अतिशय बारीक कण) तसेच हात धरून उभे असतात. बाहेरून उष्णता आली की तिला एकेक हात सोडवत बसावं लागतं. त्या कामात ती अशी गुंतते, की शेवटचा हात सुटेपर्यंत बर्फ शून्य अंशावरून हलत नाही. या गुंतलेल्या उष्णतेला म्हणतात अप्रकट उष्मा. आत येते, राबते, पण तापमापकात दिसत नाही."

त्यांनी एक डबी उचलली. तिच्यावर दवासारखे थेंब जमले होते. ती त्यांनी चारूच्या कानाशी हलवली.

*खळ्... टक.*

"पाणी वाजलं म्हणजे वितळणं सुरू झालं. गोळा टकटकला म्हणजे बर्फ अजून शिल्लक आहे. दोन्ही आवाज आले, की पेटीत ठेवायचं. मुकी डबी नको, नुसतं खळ् नको."

चारूने सगळ्या डब्या कानाशी नेऊन भरल्या. हरण्याची घुंगरं वाजू लागली.

पण वाटेत दरड कोसळलेली निघाली. फेरा घालून, मोहाच्या रानातून जावं लागलं. खडक तापलेले, पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडणारा. मधल्या मोहटोला वस्तीवर पोचेपर्यंत हरण्याचा आवाज बदलला.

"पोटात सहा अंश, बाई. आणि चढतंय."

चारूने त्याच्या पोटावर कान ठेवून त्याला अंग हलवायला लावलं. नुसतं खळ्. आतला शेवटचा हातही सुटला होता.

मोहटोल्याच्या शाळेत सौरऊर्जेवरचा फ्रीझर होता आणि त्यात आइसपॅक तयार होते. फ्रीझर सांभाळणारे लालसूकाका धावतच आले. त्यांचा नातूही करकापेठ्यालाच होता. पाठोपाठ सगळा टोला जमला. काकांनी काठोकाठ टोपली भरून दगडासारख्या डब्या आणल्या आणि सरळ पेटीकडे निघाले.

चारू झाकणावर चढून बसली.

"अव, उठ न पोरी. काहून बसली?"

"काका, यांना अजून घाम फुटला नाही."

"घाम आम्हाले फुटून रायला. आमच्या टोल्यावरून पाहुणा अर्धपोटी जात नाही, अन् तू बर्फाले नाही म्हणते?"

"पोटात सात अंश, बाई," हरण्या म्हणाला.

"ऐकलं का? यंत्रालेही समजते, तुलेच समजत नाही."

आबाजींना विचारावं, तर डोंगराच्या या कुशीत फोन लागत नव्हता. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. उठून बाजूला झालं असतं तर कुणीच बोल लावला नसता. पेटी गार झाली असती, लोक सुखावले असते. आणि दीड महिन्याच्या भावाला निकामी पाणी टोचलं गेलं असतं.

ती उठली नाही.

पण आठच्या पुढेही जाऊन चालणार नव्हतं. झाडाखाली मांडून ठेवायला वेळ नव्हता. उष्णता हवी होती, लवकर हवी होती, आणि भोवती तर नुसती उष्णताच होती. तरी ती बर्फाला पोचत का नव्हती?

तिला आईचे उकडलेले बटाटे आठवले. ताटात ठेवले तर किती वेळ हात भाजतो. पाण्यात टाकले की लगेच सोलता येतात. उष्णता बाहेर न्यायला पाणी हवेपेक्षा चपळ. मग आत आणायलाही चपळच असणार की.

"काका, गुरांच्या टाक्यातलं पाणी तापलंय का?"

"तापलं म्हणजे? चहा टाक त्यात."

"तुमची टोपली टाक्यात बुडवा."

काकांनी टोपली छातीशी धरली. "चांगला जमवलेला बर्फ पाण्यात?"

"दोन आवाज येईपर्यंतच. मग तुमच्याच हातानं भरा."

शेवटच्या वाक्याने काम झालं. टोपली टाक्यात गेली. डब्यांवरची पांढरी भुकटी बघता बघता विरली. काकांनी एक डबी काढून हलवली. डबी मुकीच. पुन्हा बुडवली. बायाबापड्या, पोरं, सगळे टाक्याभोवती वाकले. टाक्याशी आलेली म्हैसही थबकली.

*खळ्... टक.*

"वाजली न बाप्पा," काका हळूच म्हणाले. मग एकेक डबी हातोहात फिरली, जो तो कानाशी नेऊन बघू लागला. वाजली तीच डबी पुसून पेटीत गेली. झाकण लागलं. हरण्या वाटेला लागला.

"सात," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, घाटाच्या पहिल्या वळणावर, "सहा." करकापेठ्याचं मोहाचं झाड दिसू लागलं तेव्हा, "पाच अंश, बाई. पोट निवलं."

सुगंधाताई, तिथल्या परिचारिका, ओसरीवरच उभ्या होत्या. त्यांनी पेटीतली नोंद वाचली. कुठेही आठच्या वर नाही, कुठेही दोनच्या खाली नाही. त्या चारूकडे बघून म्हणाल्या, "आण तुझ्या भावाला. पहिला मान त्याचा."

भाऊ असा रडला, की पलीकडच्या खोऱ्यालाही कळावं. लालसूकाकांचा नातू त्याच्या वरताण रडला. आईने बाळाला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने चारूला जवळ ओढलं, आणि झोका देता देता तिच्या ओठांवर आपसूक शब्द आले:

ऊन पेटलं डोंगरी
लेक चढे पायरी
गारव्याची शिदोरी
बाळासाठी

वर फोन लागत होता. चारूने आबाजींना मोहटोल्याची सगळी गोष्ट सांगितली.

"झाकणावर बसलीस?"

"बसले."

"आणि टाक्याचं कुणी सुचवलं?"

"बटाट्यांनी."

आबाजी खोकल्यासारखं हसले. मग म्हणाले, "सावनीच्या कार्यशाळेत आणखी सहा हरण्या तयार होतायत. सहा डोंगरांसाठी. प्रत्येक थांब्यावर फ्रीझरशेजारी पाण्याचं टाकं ठेवायचं, हे आज लिहून टाकतो. खाली नाव तुझं."

"लालसूकाकांचंही घाला. टोपली त्यांची होती."

"घालतो. आता एक कर. पेटीतली एक डबी दे ऐकू."

चारूने डबी काढली. बाहेर डोंगर तापून थरथरत होता. तिच्या हातात डबी घामाने चिंब होती. तिने ती फोनशी नेली आणि हलवली.

*खळ्... टक.*