नवाबचा दिवा

"दिवा बनावट आहे, ताई. आणि तो माझ्या सख्ख्या भावानं आणलाय."

जिनत आम्रपालीला सांगत होती. वारज्यातल्या तिच्या घरी, मोठ्या काचपेटीत, नवाब निपचित पडला होता. वाळूच्या रंगाचा, गळ्याला काटेरी दाढी असलेला सरडा. डोकं उचललं की त्याचे पाय थरथरत.

"डॉक्टर म्हणाले, हाडं मऊ होतायत. अतिनील किरण मिळाले नाहीत तर याच्या अंगी कॅल्शियम लागत नाही. ईदेच्या आठवड्यात भाईजाननं तो दिवा बदलला. तेव्हापासून हे असं. असंच चाललं तर नवाब जगायचा नाही."

दाराशी भरलेली बॅग घेऊन आफताब उभा होता. "बहीण चोर म्हणते, तर मी धायरीला मित्राकडे जातो."

"स्वस्तातला दिवा आणून उरलेले पैसे खिशात. झालं!" दीनानाथ कुजबुजला.

"तुम्ही न्यायाधीश व्हायला हवं होतं," आम्रपाली शांतपणे म्हणाली. "खटले तुंबलेच नसते."

खासगी तपासाच्या या धंद्यात दीनानाथ तिचा जुना सोबती. पण ती कुठे बघते आहे, हे त्याला कधीच आधी कळत नसे.

"दिवा कुठून घेतलात?" तिनं आफताबला विचारलं.

"जिनत घेते त्याच दुकानातून. खोकंसुद्धा ठेवलंय."

मग नाजिमा, म्हणजे जिनतची अम्मी, बोलली. "सकाळी दिवे मीच लावते, रात्री बंद करते. त्यालाही झोप नको? कोमट पाण्यात डुंबवते, वर थोडा फवारा. पूर्वी पाणी लगेच वाळायचं, आता थेंब वर लटकून राहतात. धूळ मात्र येत नाही हं आत!"

आम्रपालीनं पेटीतला तापमापक पाहिला. "बराच चढलाय. म्हणून तो तोंड वासून बसलाय."

"आधी नव्हतं इतकं," जिनत म्हणाली.

तेवढ्यात जिनतचे अब्बा, हुसेनभाई आले. रविवार पेठेत त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान.

"आमच्या घरात कुणी खोटा माल हातात धरत नाही, मॅडम. तो आमच्या लग्नाचा फोटो बघा. रोज थेट ऊन पडतं. नाजिमाच्या ओढणीचा लाल हलला का? माझी काच आहे ती!"

आम्रपाली फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "नवाबच्या पेटीचं झाकणही तुमचंच?"

"लेकीला ईदेची भेट! आधी नुसती गंजकी जाळी होती. कडेवरून बोट फिरवा. रेशीम वाटेल."

"सगळे इकडे या," ती म्हणाली. पर्समधून तिनं अतिनील किरण मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि टांगलेल्या दिव्याखाली, झाकणाच्या वर धरलं. आकडा भरभर चढला.

"दिवा अस्सल आहे."

मग झाकण उचलून तिनं यंत्र आत ठेवलं, झाकण पुन्हा लावलं. शून्य.

"त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला. भेटीवर कोण संशय घेणार? जाळीतून गरम हवा नि ओल बाहेर जायची. काचेनं दोन्ही कोंडली, म्हणून ते थेंब, म्हणून ती धग. आणि ओढणीचा लाल टिकला, कारण रंग उडवणारे किरण या काचेतून जातच नाहीत. नवाबला नेमके त्यातलेच हवे होते. उजेड दिसत होता, पण त्याला लागणारं ऊन आत पोचत नव्हतं."

हुसेनभाईंनी ते झाकण उचलून बाजूला ठेवलं. "म्हणजे मीच..."

"तुमची काच शंभर टक्के खरी निघाली, हुसेनभाई. फक्त जागा चुकली."

जिनत उठली. तिनं दारातली बॅग उचलली आणि भावाच्या खोलीत नेऊन ठेवली.

"नीट ठेव, इस्त्रीचे शर्ट आहेत," आफताब म्हणाला.

पुढच्या महिन्यात दीनानाथ आम्रपालीबरोबर तिथे गेला, तेव्हा पेटीवर सागवानी चौकटीत ताणून बसवलेली पोलादी जाळी होती. कोपरे असे जुळलेले की सांधा शोधावा लागे. खाली तापलेल्या दगडावर नवाब चारही पाय रोवून, मान ताठ करून बसला होता.

"आयुष्यभर काचा बसवल्या," हुसेनभाई जाळीवर बोट फिरवत म्हणाले. "पण सगळ्यात देखणी फ्रेम ही. बिनकाचेची."

नवाबनं दाढी फुगवली. दीनानाथनं आम्रपालीकडे पाहिलं आणि उगाचच आपलीही मान ताठ केली.