गोलाबाहेरचं वाक्य

लिफ्ट चार माणसांची होती. पण हातात ओल्या छत्र्या असल्या तर दोघांचीच. त्या सकाळी दोघंच होती. ती, आणि काखेत कागदांचा गठ्ठा धरून स्वतःशीच हसणारा एक उंच तरुण.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण हे कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय मला राहवणार नाही. अख्ख्या कादंबरीत हे एकच वाक्य जिवंत आहे. ऐका..." त्याने घसा साफ केला. "'हे गणित चुकलंय. एवढ्या हवेत चौथ्या दिवशी सगळे मरतील.'"

तिच्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटावर ठिबकत होतं. तिला ते दिसत होतं, पण हलायचं सुचेना.

"हे वाक्य कादंबरीत नाहीये," ती म्हणाली.

"आहे की! पान एकशे दहा. मीच तर अक्षरजुळणी केलीय."

"ते मी लिहिलंय. पेन्सिलीने... समासात."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. कुणीच आत आलं नाही. दार पुन्हा लागलं, पण त्याचं हसू मात्र तिथेच उतरून गेलं होतं.

"गोल केला होता का?"

"कसला गोल?"

"मेलो," तो म्हणाला. "चौथ्या दिवसाची वाट बघायला नको."

चौथ्या मजल्यावरच्या त्या प्रकाशनगृहात रुजू होऊन तिला नऊ दिवस झाले होते. पदवी रसायनशास्त्राची, आवड वाचनाची. तिथल्या संपादकांना सगळे बाई म्हणत. बाईंनी तिच्यापुढे एका कुमार कादंबरीची प्रुफं टाकली आणि म्हणाल्या, "यातली बलस्थानं सांग, उणिवा सांग आणि विज्ञान तपास. हातचं राखू नकोस." कादंबरी भविष्यातल्या एका भयाण शहराची. शहरावर भलंमोठं छत, हवा मोजून मिळणारी. सोळाव्या वर्षी प्रत्येकाचा 'उपयोग' ठरवायचा. ज्याचा उपयोग नाही त्याला छताबाहेर काढायचं. नायिका अर्थातच निरुपयोगी ठरते. छताची मापं पान बारावर होती, लोकसंख्या पान चाळीसवर, झाडांचा तर कुठे उल्लेखच नाही. तिने गुणाकार केला आणि जे निघालं ते पान एकशे दहावर, सभेतल्या नायिकेच्या संवादाशेजारी, सरळ समासात लिहून टाकलं.

प्रुफाच्या समासात जे नुसतं लिहिलेलं असतं ते मजकुरात जातं. जे आपापसात सांगण्यापुरतं असतं त्याभोवती गोल करायचा असतो. तिथे ही गोष्ट सगळ्यांना इतकी पाठ होती, की नव्या मुलीला ती सांगायची राहूनच गेली.

"मला वाटलं, लेखिकेनेच भर घातलीय," तो लिफ्टमधून बाहेर पडत म्हणाला. "नवी प्रुफं कालच त्यांच्याकडे गेली. आणि मागच्या पुस्तकात माझ्या हातून दोन प्रकरणांची अदलाबदल झाली होती. बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, पुढची चूक शेवटची."

"पण चूक माझी आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं, की मला सांगितलेलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. एवढं सरळ वाक्य त्याला बहुधा कुणी ऐकवलं नसावं.

बाईंपुढे दोघं एकदमच बोलू लागली. चष्मा कपाळावर चढवून बाईंनी ऐकून घेतलं. "तीस वर्षं झाली मला इथे," त्या म्हणाल्या. "चूक दुसऱ्यावर ढकलणारे खूप पाहिले. एकाच चुकीसाठी भांडणारे पहिल्यांदाच बघतेय." मग आवाज बदलून त्याला म्हणाल्या, "लेखिका काय म्हणतात बघू. त्या भडकल्या, तर टेबल आवरून ठेव."

लेखिकेच्या उत्तराची वाट बघण्यातले ते तीन दिवस तिला फार लांबलचक वाटले. उणिवांची यादी करायची म्हणून ती खिडकीजवळच्या त्याच्या टेबलाशी जाऊन बसायची. तेवढं निमित्त पुरेसं होतं.

"पहिली उणीव," ती वाचायची. "खलनायक स्वतःचा बेत दीड पान समजावून सांगतो. दुसरी, नायिका दोन मुलांकडे बघण्यापलीकडे काहीच करत नाही. तिसरी, पान तीसवर नजरानजर, पान तेहतीसवर प्रेम. मधे पुरावा शून्य."

"सोळाव्या वर्षी पुरावा कोण मागतं हो?"

"मी मागितला असता."

"तेविसाव्या वर्षी?"

"तेव्हा तर... जास्तच." तिने पान उलटलं. ते आधीच उलटलेलं होतं.

"आणि बलस्थानं? की ती नाहीतच?"

"आहे. एक आहे." तिचा आवाज हळू झाला. "नायिकेची आई दिवसभर कमी चालते, कमी बोलते. मुलीला थोडी जास्त हवा मिळावी म्हणून. आणि हे ती कधीच सांगत नाही. इथे मी काहीच तपासलं नाही. नुसती वाचत राहिले."

त्याने ते पान काढून दोघांच्या मधे ठेवलं. खिडकीबाहेर पाऊस पन्हाळीतून पडत होता. दोघांनी ते पान पुन्हा एकदा, एकत्रच वाचलं.

घरी ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "वहीभर उणिवा," ताई म्हणाली, "आणि चेहऱ्यावर नुसती बलस्थानं!"

चौथ्या दिवशी फोन वाजला. "चौथाच दिवस," तो पुटपुटला. ड्रॉवर त्याने आदल्याच संध्याकाळी आवरून ठेवला होता. ते तिने पाहिलं होतं, आणि रात्री जेवण गेलं नव्हतं.

बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. लेखिका शाळेत भूगोल शिकवायच्या. आवाज अगदी वर्गातला. "पान एकशे दहावरचं वाक्य कुणाचं?"

"माझं," ती म्हणाली. "चुकून आत गेलं. अक्षरजुळणी करणाऱ्यांचा दोष नाही."

"अगं, दोष कसला? भर सभेत माझी नायिका पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी शहाणं बोललीय! सगळे तिला निरुपयोगी म्हणतात आणि गणितातली चूक तिलाच सापडते. आता शेवटच मी नव्याने लिहितेय. उरलेल्या उणिवाही पाठव."

तिने पाठवल्या. दोन आठवड्यांत खलनायकाचं भाषण चार ओळींवर आलं, छताखाली झाडं लागली. एका उणिवेपुढे मात्र लेखिकेने लिहिलं होतं : 'तीन पानांतलं प्रेम तसंच राहील. काही गोष्टी आधी होतात, पुरावा मागाहून सापडतो.' त्याभोवती नीट गोल केलेला होता.

शेवटची प्रुफं तिच्या टेबलावर आली तेव्हा ऊन पडलं होतं. त्याचा ड्रॉवर पुन्हा भरला होता. ती सावकाश तपासत गेली. दोनशे बारावं पान. शेवटची ओळ ठीक. आणि समासात, खाली कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात,

'आज घरी जाताना तुम्ही माझ्याबरोबर पायी याल का?'

भोवती गोल होता. इतका काळजीपूर्वक काढलेला, की नको असेल तर काहीच घडलं नाही असं दोघांनाही म्हणता यावं.

तिने मान वर केली. समोरच्या टेबलाशी तो संगणकाच्या पडद्याकडे एकटक बघत होता. संगणक बंद होता.

तिने पेन्सिल उचलली. 'तुम्ही' खोडून वर 'तू' लिहिलं. 'याल' खोडून 'येशील' केलं. दुरुस्ती पुन्हा एकदा वाचून पाहिली. मग खोडरबर घेतला, आणि तो गोल सावकाश, सगळ्या बाजूंनी पुसून टाकला.

पान घेऊन ती त्याच्या टेबलापाशी गेली.

"एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "बघतोस?"