हाकेआधीचा हुंकार

शाल्मली सकाळपासून त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा चालवत होती. चाळीस चाचण्यांपैकी एकोणचाळीस पास, एक नापास. आणि दर वेळी नापास होणारी चाचणी वेगळीच! पडद्यावरचे तांबडे शब्द मात्र तेच: ‘संपर्क नाकारला.’

तेरा वर्षांच्या या पोरीने ‘हाक’ नावाचं साधन लिहिलं होतं. ते कमांड लाइनवर (म्हणजे चित्रांवर बोट न ठेवता, आज्ञा टाइप करून) चालायचं आणि चंद्रावरच्या तापमापक केंद्रांशी बोलायचं. धुमाळवाडीच्या शाळेतून थेट चंद्राला हाक मारायची, ही काय लहानसहान गोष्ट झाली? पण दुपारी बारापर्यंत सगळ्या चाचण्या सलग दहा वेळा पास व्हायला हव्या होत्या. नाहीतर ‘हाक’ चंद्रमोहिमेतून बाद.

“ठके, तूच घोळ घालतेस!” ती चाचण्या घेणाऱ्या यंत्रमानवावर खेकसली.

“मी सांगितलेलंच करते,” ठकी शांतपणे म्हणाली. “प्रत्येक चाचणीसाठी नकली केंद्र (खऱ्यासारखं वागणारा छोटा प्रोग्राम) सुरू करते आणि ‘हाक’ला कामाला लावते.”

शाल्मलीचे आजोबा निवृत्त रेडिओ-शास्त्रज्ञ. ते म्हणाले, “दर वेळी वेगळी चाचणी नापास होते ना? मग दोष एकीचा नाही, सगळ्यांना सामाईक अशा कशात तरी आहे. नोंदी बघ.”

नोंदींत वेळा होत्या. हाक मारली पाचव्या सेकंदाला; केंद्र तयार झालं सहाव्या.

“अगंबाई! ते उठायच्या आधीच हाक!”

“मग केंद्र सुरू केल्यावर ठकीला दोन सेकंद थांबव की,” आजोबांनी तोडगा काढला.

तीन फेऱ्या छान गेल्या, चौथी आपटली. ठकीवर कामाचा भार वाढला की केंद्राला उठायला तीन सेकंद लागत. साडेअकरा वाजले, आणि शाल्मलीला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

“आजोबा, आता—” पण आजोबा कानातलं यंत्र काढून पुसत होते. घरात सगळेच करतात तसं तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. “ऐकू येतंय?” उत्तर नाही. जरा थांबून पुन्हा, “येतंय?”

यंत्र कानात बसलं. “हं, बोल.”

शाल्मली झटकन पडद्याकडे वळली. आजोबांशी बोलायला घरात कुणी घड्याळ लावून थांबतं का? विचारायचं, ‘हं’ आलं की बोलायचं!

तिने चाचण्यांमधला दोन सेकंदांचा अंदाज पुसून टाकला. आता केंद्राला आधी विचारायचं, ‘तयार?’ उत्तर नाही आलं तर क्षणभराने पुन्हा. तीस सेकंदांत हुंकार आलाच नाही, तरच खरा बिघाड समजायचा.

दहा फेऱ्या, चारशे हिरव्या ओळी, आणि बाराला चार मिनिटं बाकी!

“माझा तोडगा नातीने मोडीत काढला!” आजोबांनी भेटेल त्याला फुशारकीने सांगितलं.

शाल्मलीने तीच पद्धत ‘हाक’मध्येही घातली; केंद्राचं उत्तर आलं की पडद्यावर ‘हं’ उमटणार होतं. चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर खरी केंद्रंही सावकाशच उठणार होती. सोमवारी चंद्राच्या त्या भागावर ऊन पडलं. सगळी शाळा पडद्यासमोर जमली.

‘तयार?’ काहीच नाही. ‘तयार?’ काहीच नाही. शाल्मली या वेळी घाबरली नाही. ‘तयार?’

‘हं.’

“उठलं!” आजोबा सगळ्या शाळेला ऐकू जाईल असे ओरडले. “माझ्या नातीने उठवलं!”