रविवारचा सराव

हरेश्वरची नोकरी गेल्याचं तात्यांना कळलं ते मंगळवारी सकाळी. गुणवंती त्यांच्या चिंचपोकळीच्या चाळीत आली, ती डोक्यावर पाटी न घेता. तीस वर्षं ती लालबागच्या बाजारात मासळी विकत होती आणि तात्यांची बायको नलू तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. नलूला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून तात्यांच्या घरात मासळी शिजली नव्हती, पण गुणवंती येऊन चौकशी करून जायची.

तिच्यामागे हरेश्वर उभा होता. चोवीस वर्षांचा, शीव कोळीवाड्यात वाढलेला तिचा मुलगा. परळला बंद मिलच्या जागेत एक कंपनी आली होती. तिथे नेटवर्क इंजिनीअर म्हणून लागून त्याला तीन आठवडे झाले होते.

"माजा पोर चोर नाय, तात्या," गुणवंती म्हणाली. "तेवढं शोधून काडा. तुमी मिलमदी मान्सं धरायचात."

खरं होतं. तात्या मिलमध्ये टाइमकीपर होते. दुसऱ्याच्या तिकिटावर आत शिरणारा माणूस दारातच ओळखायचा, हे त्यांचं काम. संपानंतर मिल उघडलीच नाही. एकवीस वर्षांत त्या नजरेची कुणाला गरज पडली नव्हती.

हरेश्वरने सगळं सांगितलं. जाहिरातीत डिप्लोमा मागितला होता, आणि नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचं सर्टिफिकेट. डिप्लोमावाले पैशाला पासरी. नोकरी मिळते ती सर्टिफिकेटवर. त्यावर नंबर असतो आणि तो कंपनी पडताळून बघते. हरेश्वरचा नंबर भलत्याच माणसाचा निघाला. आता शुक्रवारी कंपनी पोलिसांत तक्रार देणार होती. बनावट कागद म्हणून. एकदा ती गेली की या धंद्यात त्याला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"परीक्षा कुठे दिलीस?"

"दादरला, हेरंब सरांच्या क्लासमध्ये, गुरुवारी. परीक्षेची खोली तिथेच आहे. सरांनी मला फी माफ केली होती."

"तुला एकट्याला?"

"नाय. हुशार होते त्या चार-पाच जणांना."

"पेपर कसा गेला?"

"मस्त. बारावा प्रश्न चुकला होता, तो शेवटी मागे जाऊन दुरुस्त केला. त्याच्याआधी ऑगस्टमध्ये तीन रविवार सरांनी सराव घेतला होता ना. तो जास्त कडक. प्रश्न बाहेर फोडणार नाही, असं आधीच कबूल करायला लागायचं."

सरावाच्या निकालाचे कागद कुठे आहेत, असं तात्यांनी विचारलं. ते सर ठेवून घ्यायचे.

दुपारी तात्या एकटेच परळच्या कंपनीत गेले. नेटवर्क विभागाचे प्रमुख राजाराम पडवळ होते. बोलायला कोरडे, पण त्यांनी खुर्ची दिली. नंबर खरा आहे, ते म्हणाले, पण ठाण्याच्या एका माणसाचा. त्याने ऑगस्टमधल्या एका रविवारी दादरच्या त्याच क्लासमध्ये परीक्षा दिली होती. ही परीक्षा असते कशी, तात्यांनी विचारलं.

"सोपी नसते. मी दोनदा नापास झालो. आधी गुप्ततेची अट मान्य करायची. मग एकेक प्रश्न. एकदा पुढे गेलात की मागचा पुन्हा दिसत नाही."

 तात्यांनी पडवळांना दुसऱ्या दिवशी दादरला यायची विनंती केली.

बुधवारी तात्या, पडवळ आणि हरेश्वर क्लासमध्ये पोचले. भिंतीवर पास झालेल्या पोरांच्या फोटोंची रांग होती आणि तिला चंदनाचा हार. टेबलावर मस्टर उघडं होतं. सवयीने तात्यांनी ते उलट्या बाजूनेच वाचलं. टेबलामागे बसणाऱ्या मृणालिनीची रविवारी एकही सही नव्हती. शेजारीच परीक्षेची वही होती. तात्यांनी ती मागितली. मृणालिनीने आतल्या केबिनकडे एकदा बघितलं आणि वही पुढे सरकवली.

हेरंब सर हसत बाहेर आले. चहा मागवला. हरेश्वरचं ऐकून हळहळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कागद छापायचं काम या बाईंकडे असतं. माझा विश्वास नडला."

मृणालिनीचा चेहरा पांढरा पडला. तात्यांनी चहाला हात लावला नाही.

"हरेश्वर, सरावाला स्क्रीनवर कुणाचं नाव असायचं?"

"दर वेळी वेगळं. सर म्हणायचे, सरावाला कुठलंही चालतं."

"पडवळ साहेब, ऐकलंत? याने तीन रविवार दिली ती खरी परीक्षा. अट मान्य करायची, मागे फिरायचं नाही. आणि गुरुवारी याने मागे जाऊन बारावा प्रश्न सुधारला, तो क्लासचा खेळ होता. वहीत बघा. गुरुवारच्या पानावर परीक्षाच नाही. तीन रविवारी तीन नावं आहेत, त्या तिघांच्या सह्या मात्र एकाच हाताच्या. त्या दिवशी या बाई कामावर नव्हत्या. खोली उघडायला उरलं कोण?"

हेरंबने वहीकडे हात नेला, तात्यांनी ती आपल्याकडे ओढली.

"ती तीन सर्टिफिकेटं तुम्ही विकलीत. त्यातलाच एक नंबर टाकून याला खोटा कागद दिलात. पोरगा कोळीवाड्यातला, कोण याला नोकरी देऊन नंबर तपासणार, असं वाटलं तुम्हाला."

"मी यांना फुकट शिकवलं," हेरंब म्हणाला. "या पोरांना कोण दारात उभं करतं?"

 ती फी माफी, तो हार, समोरचा थंड होणारा चहा, सगळ्याचीच तात्यांना किळस आली.

"मिलमध्ये बदली कामगार होते," ते म्हणाले. "आपण कुणाच्या जागेवर उभे आहोत, हे त्यांना निदान ठाऊक असायचं."

हरेश्वर भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे बघत होता. तो त्याने काढून खिशात घातला.

शुक्रवारी तक्रार गेली, ती हेरंबच्या नावाने. पडवळांनी हरेश्वरची जागा महिनाभर रिकामी ठेवायचं कबूल केलं. सर्टिफिकेट मात्र हवंच, ते म्हणाले, त्यात सूट नाही.

ठाण्याचा तो माणूस आणि बाकीचे दोघे अजून आपापल्या नोकरीवर आहेत. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. फी माफ झालेल्या इतर पोरांनी किती रविवार दिले, ते मोजलेलं नाही. आणि तीनदा पास झालेल्या हरेश्वरची स्वतःच्या नावाची परीक्षा अजून व्हायची आहे.