मुखवट्याची आतली बाजू

श्रीनाथ गावाकडे निघाला होता शिमग्याचा मुखवटा मागायला, आणि मुखवटा हवा होता व्हेनिससाठी. एवढं साधं वाक्य आईला फोनवर समजावताना त्याला घाम फुटला.

"कंचं गाव म्हनलास? निपाणीच्या पल्याड?" मालुबाईंनी विचारलं.

"लई पल्याड, आई. इटलीत. पाण्यातलं गाव आहे ते."

"पान्यात? धरनात गेलंय व्हय?"

"नाही गं. लोक राहतात तिथं. फेब्रुवारीत मुखवटे घालून हिंडतात."

"आपल्यागत?"

"आपल्यागतच," श्रीनाथ म्हणाला आणि गाडी खानापूर रस्त्याला वळवली.

या सगळ्याचं मूळ निवेदितात होतं. निवेदिता त्याची बायको, बेळगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवणारी. मागच्या वर्षी ती मोठ्या दुखण्यात पडली. केस गेले, चव गेली, आवाजसुद्धा बारीक झाला. खाटेवर पडल्या पडल्या तिनं एका जुन्या मासिकातलं चित्र त्याला दाखवलं. धुक्यातला पूल होता आणि पुलावर पांढऱ्या मुखवट्यांची माणसं. "बरी झाले ना, तर हे बघायला जायचं," ती म्हणाली. आजारी माणसाला म्हणतात तसं तो "हो" म्हणाला. आणि ती खरंच बरी झाली. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी हा पन्नाशीचा गडी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडला, आणि घरी येताना पासपोर्टच्या ऑफिसात डोकावून आला.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. मुलगी सौम्या जर्मनीत नोकरीला, ती परस्पर तिकडे येऊन भेटणार होती. व्हिसासाठी बेंगळूरची फेरी झाली, लोकरीचे मोजे झाले, मेथीचे ठेपले किती दिवस टिकतात यावर चर्चा झाली. मुखवटे तिथे ढिगानं विकत मिळतात असं सौम्या सांगत होती. पण श्रीनाथचा धंदा ओतकामाचा. बेळगावच्या उद्यमबागेत त्याची छोटी शेड होती आणि ॲल्युमिनियमची भट्टी होती. "घरात मुखवटा असताना विकतचा कशाला?" तो म्हणाला. "त्याच्यावरनं दोन हलके ओततो. तिकडचे लोक बघत राहतील."

घरचा मुखवटा म्हणजे म्हाताऱ्याचा. फणसाच्या लाकडाचा, मिशांचा, गालावर पिवळा रंग. शिमग्याला तो नाचवायचा मान त्यांच्या घराकडे होता. श्रीनाथचे थोरले चुलते, आण्णाप्पा, तो घालून नाचायचे. एका शिमग्याला नाचता नाचताच ते खाली बसले ते उठले नाहीत. मुखवटा काढला तेव्हा त्यांचा जीव गेलेला होता. तेव्हापासून कुणी त्यात तोंड घातलं नव्हतं. शिमग्याला तो नुसता टोपलीत मिरवायचा, आणि वर्षभर त्याच्या पोकळीत लाल खणात बांधलेला गवताचा बोळा कोंबून ठेवायचा. का, ते कुणी विचारत नसे.

मारुतीरावांनी मुखवटा मुलाच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"सूनबाई खूश हाय न्हवं?"

"लई."

"मग ने. पर आतनं रिकामा ठिवू न्हगंस. बोळा काडू न्हगंस."

"नुसतं माप घेतो, आप्पा," श्रीनाथ म्हणाला. बापाशी तो फारसं खोटं बोलत नसे. हे मात्र सहज बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यानं बोळा काढला आणि फळीवर ठेवला. मनाशी म्हणाला, रिकामा कुठे ठेवतोय, वाळू भरतोय की. आयुष्यभर साचे केलेल्या माणसालाच असं सुचावं. गवताला आकार नसतो. ओतकामाच्या ओल्या काळ्या वाळूला मात्र ज्याच्याशी गाठ पडेल त्याचा आकार घेण्याशिवाय दुसरं काही येत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या क्षणी ते त्याच्या डोक्यात आलं नाही.

मुखवटा पोकळी वर करून ठेवला आणि तीत वाळू ठोकली. मग उलटून साच्याची वरची पेटी वाळूनं ठोकली. पेट्या वेगळ्या करून मुखवटा अलगद काढला. वरच्या पेटीत मिशीवाल्या म्हाताऱ्याचा ठसा उमटला होता. खालच्या पेटीत पोकळीच्या आकाराचा वाळूचा उंचवटा राहायला हवा होता, सुताराच्या किकऱ्याच्या घावांचा, ओबडधोबड.

तिथे एक चेहरा होता.

डोळे मिटलेला, गाल बसलेला, नाक डावीकडे जरा कललेलं. भरमू, साचे भरणारा त्याचा जुना मोल्डर, वाकून बघत राहिला. "मालक, आतनं बी कोरलंय काय वो ह्ये?"

श्रीनाथनं ते नाक ओळखलं होतं. लहानपणी बैलानं मारलेलं, थोरल्या आप्पांचं, म्हणजे आण्णाप्पांचं. पण तो हिशोबी माणूस होता. "एवढी वर्षं घातलेला मुखवटा, आतून झिजणारच," तो म्हणाला. "चपलेला पाय उमटतो तसं. ओत."

भरमूनं पेट्या जोडल्या, धातू ओतला. निवल्यावर साचा फोडला, वाळू झाडली. वाळूतला चेहरा भुगा होऊन फावड्याखाली गेला. हातात आला तो चकचकीत, हलका मुखवटा. धातू आकसतो म्हणून मुळापेक्षा जराशी लहान नक्कल निघाली होती. निवेदिताच्या मापाला ते बरंच होतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. जेवण, भात, म्हैस, आणि मग सहज, "थोरल्या आप्पांचा फोटू बिगाडला बग. कसर लागली काय की. फेटा हाय, कोट हाय, तोंड तेवडं पांडरंफटक."

"दमट हवा आहे, आई. दुरुस्त करून आणतो."

दोन्ही मुखवटे त्यानं घरी आणले होते. बोळा शेडमधल्या फळीवरच राहिला. तो हातपाय धुऊन आला तर स्वयंपाकघराच्या दारात म्हातारा उभा, मिशांचा, पिवळ्या गालांचा, अंगात निवेदिताची साडी.

"अहो, हाच बरा बसतोय," आतून तिचा आवाज आला. "चेहऱ्यासाठीच बनवल्यासारखा. आणि आत गार नाहीये... कोमट आहे."

तो हसला. तीही हसली, मुखवटा काढून ओट्यावर ठेवला आणि चहा टाकला. किती दिवसांनी ती अशी चेष्टेच्या मूडमध्ये होती. त्याला फार बरं वाटलं.

दुसरा साचा त्याच्या स्वतःसाठी होता. सकाळी भरमूनं भट्टी पेटवली, श्रीनाथनं वाळू ठोकली, मुखवटा काढला. खालच्या पेटीत बघताना त्याला आधी कळलंच नाही की आपण इतकं ओळखीचं काय बघतोय. भुवईवर झोपाळ्यावरून पडल्याची लहानपणची खोक. ओठ जरासे उघडे, ती झोपते तेव्हा असतात तसे. आजारपणात रात्र रात्र बसून त्यानं हाच चेहरा पाहिला होता, श्वास चालू आहे ना म्हणून.

"मालक," भरमू पळी घेऊन उभा होता. पळीत वितळलेला धातू लखलखत होता. "वतू न्हवं?"

"थांब."

"गार हुतंय, मालक..."

"थांब म्हटलं ना! मागं हो!"

तो ओरडला तसं इतकी वर्षं कधी ओरडला नव्हता. भरमूनं पळी परत भट्टीत रिकामी केली. श्रीनाथनं बायकोला फोन लावला. निवेदिता शाळेच्या पटांगणात होती, मागे पोरांचा गलका होता. ती ठणठणीत होती. "असं काय हो दमल्यासारखं बोलताय?" तिनंच उलट विचारलं.

तो तडक गावाला गेला. मारुतीराव खळ्यावर भाताच्या राशीपाशी बसले होते. श्रीनाथनं सगळं सांगितलं, बोळा काढल्यापासून. बाप रागावला नाही, आणि त्यामुळे श्रीनाथ जास्त घाबरला.

"आण्णाप्पाला मुखवट्यातनं काडला," मारुतीराव हळू आवाजात म्हणाले, "तवा सरनावर नेताना मी त्येचं तोंड बगितलं. मानूस त्योच... पर तोंड त्येचं न्हवतं. कुनाचंच न्हवतं. त्येचं तोंड आतच ऱ्हायलं, असं आमच्या बाचं म्हननं. म्हून बोळा. भरून ठिवलं की गप ऱ्हातंय."

"मग आता?"

"तू त्येला सोडवलास. वाळू मोडलीस, त्यो गेला. फोटूतनं सुदीक गेला."

श्रीनाथ जवळ सरकला. "आणि निवेदिताची मोडली तर? ती... सुटेल?"

मारुतीरावांनी मूठभर भात उचलला आणि परत राशीत सोडला.

"आण्णाप्पा मेलेला मानूस. त्येला जायचंच हुतं. ही जित्ती हाय, बाळ."

श्रीनाथ जायला उठला. मग बाप एवढंच म्हणाला, "मोडू न्हगंस. वतू बी न्हगंस. जपून ठीव. आनि तिला कायबी सांगू न्हगंस. नुकती उठलीया ती."

लाकडी मुखवटा बोळा भरून परत गावच्या घरी खुंटीला गेला. चेहऱ्याची ती खालची पेटी शेडच्या कोपऱ्यात गेली, वर ओलं पोतं, भोवती लाकडी चौकट. ओतकामाची वाळू पाणी मारलं नाही तर लवकर वाळते, आणि वाळली की हात लागताच ढासळते. श्रीनाथ रोज पोतं भिजवायचा, चोरासारखा, भरमू चहाला गेला की. काही दिवसांत त्याच्या ध्यानात आलं, की पोतं विसरलं तरी नाकपुड्यांपाशी वाळू ओलीच असते. सुपारीएवढी ओल. ती बघितली की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त त्याला त्या ओलीची माया वाटत होती, हे खरं.

व्हिसा आला. निवेदितानं पेढे वाटले. त्याच संध्याकाळी श्रीनाथनं सांगितलं की मोठी ऑर्डर आली आहे, मला यायला जमणार नाही.

"तुमच्याशिवाय मी काय करू तिथं?" ती चिडली, मग रडकुंडीला आली. "वर्षभर तुम्हीच तर सगळं ठरवलंत."

"सौम्या आहे की. तू बघून ये. मला येऊन सांग." मनात तो म्हणत होता, तू जा बाई, मी तुझ्यापाशीच आहे. कुणाच्या भरवशावर टाकून येण्यासारखी ती पेटी नव्हती. नवीन आलेला एखादा कामगार अडगळ म्हणून सहज फावडं घालेल.

जायच्या दिवशी दुपारी सांबऱ्याच्या विमानतळावर जाताना तिनं टॅक्सी वाट वाकडी करून शेडपाशी थांबवली. नवी लोकरीची शाल, कानात सौम्यानं पाठवलेले मोत्याचे डूल. पिशवीतून ॲल्युमिनियमचा मुखवटा काढून तिनं दारातच चेहऱ्याला लावला. "कशी दिसते?"

"काढ आधी," तो म्हणाला.

तिनं काढला. तिचा चेहरा होता तिथेच होता, थोडा भरलेला, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम. तो तिच्याकडे बघतच राहिला. "जरा आत येते, तुमची ती मोठी ऑर्डर तरी बघू," ती म्हणाली. त्यानं हाताला धरून तिला टॅक्सीत बसवलं. टॅक्सी वळेपर्यंत ती मागे वळून दाराकडे बघत होती.

मग तो आत आला, हातातलं काम उरकलं आणि तासाभरानं रोजच्यासारखं पोतं उचललं.

चेहरा नेहमी छपराकडे बघत असायचा, सरळ. आता तो दाराकडे वळलेला होता. चौकट जागच्या जागी होती, वाळूला कुठे चीर नव्हती, भरमू सकाळपासून बाहेरगावी होता. आणि मुखवटा कपाळापासून हनुवटीपर्यंतचाच. त्यात कान कधी येत नाहीत. वाळूत आता एक कान दिसत होता, पुरता, पाळीसकट.

फोन वाजला तेव्हा तो दचकून मागे सरला.

"अहो, पोचले," निवेदिता म्हणाली. मागे विमानतळाची सूचना चालू होती. "एक काम करा ना. माझा एक डूल पडलाय कुठेतरी. टॅक्सीत नाही मिळाला. तुमच्या दारात पडलाय का, बघता?"

तो खाली वाकला. वाळूच्या पाळीत मोती होता. वाळूचा नव्हता, खरा. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात पांढरा चमकत होता, आणि त्याची सोन्याची तार आत, पाळीच्या आरपार गेलेली होती. नुसत्या चिमटीनं ओढला असता तरी तो कान ढासळला असता.

"सापडला का हो?"

"नाही गं," श्रीनाथ म्हणाला. त्यानं ओलं पोतं परत हळूच पांघरलं. "इथं नाही."