बारा भोपळ्यांची सांगड

पौषातली सकाळ होती आणि भिवरा भोपळे वाजवून पाहायला निघाली होती. दर आठ दिवसांनी हे काम करावंच लागे. मोरदऱ्याच्या तलावाच्या काठी, वाकड्या बाभळीखाली, तिच्या बापाची सांगड टांगलेली असे. सांगड म्हणजे बारा कडू भोपळे. झोपडीच्या छपरावर वाढवलेले, चुलीच्या धुरात वाळवलेले आणि अंबाडीच्या जाळ्यात घट्ट बांधलेले. एकेका भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. टणटणीत वाजला तर चांगला. आवाज बद्द आला तर कुठंतरी चीर गेली असं समजायचं आणि तो बदलायचा. ज्याच्या जिवाचा भार भोपळ्यावर पडायचा, त्याला पाण्यात गेल्यावर चीर शोधायला सवड मिळत नाही.

भिवराचा बाप आप्पा भोई. आई लहानपणीच गेलेली, भाऊ-बहीण नाही. पुढच्या माघात तिची सासरी पाठवणी व्हायची होती. तोवर घरात ही दोघंच होती.

हे भोपळ्यांचं काम वर्षभरापूर्वी सरकारी झालं. निजाम सरकारनं तलावाच्या वरच्या माळावरचे दगड वेचले, चुन्याचं मोठं वर्तुळ आखलं आणि विमान उतरायचं मैदान केलं. कडा गावापासून हे मैदान तीन कोसांवर. महिन्यातून एखादं विमान हैदराबादेहून यायचं, तेल पिऊन पुढं जायचं. उतरताना ते तलावावरूनच खाली येई. म्हणून हुकूम निघाला की, विमान पाण्यात पडलंच तर माणसं काढायची तजवीज काठावर तयार पाहिजे. हैदराबादेहून एक पेटीही आली. तीत बुचाच्या दोन बंड्या होत्या आणि एक रबराचं कडं. मैदानाचे दरोगा सुंदरराव यांनी ती पाहिली, बंड्यांवरून हात फिरवला आणि पेटीला कुलूप घातलं. सरकारी माल! उंदरांनी कुरतडला तर जाब कोण देणार? किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. पेटीच्या जोडीला तलावावरचा माणूस म्हणून आप्पाला नेमलं.

नेमणुकीच्या दिवशी सुंदररावांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय आप्पा, विमान पडलं तर काय करशील?"

"सांगड सोडीन, मालक. पर नाव सांगा."

"कसलं नाव?"

"इमानातल्या माणसाचं. ज्याला काढायचं त्याच्या नावानं हाळी द्यावी लागती. बिननावाची हाळी पाण्यावर द्यायची न्हाई. आमच्यात तसंच हाय."

सुंदरराव खो खो हसले. "अरे, आभाळातून पडणाऱ्याचं नाव तुला कोण सांगणार? पडता पडता तो काय ओरडणार आहे, मी अमक्याचा तमका म्हणून?"

जमलेले सगळे हसले. एकजण म्हणाला, "आप्पा, इचारून घे त्याला, जेवून आला का उपाशी!"

आप्पा हसला नाही. "म्हणून तर म्हनतो मालक, इमान यायच्या आदी नाव कळवीत जावा."

"बरं बरं, वर लिहितो," असं सुंदरराव म्हणाले. पुढं विमानं आली आणि गेली. नाव काही कधी आलं नाही.

घरी आल्यावर भिवरानं विचारलं होतं, "आप्पा, बिननावाची हाळी दिली तर काय व्हतं?"

आप्पानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पाण्यात ऐकणारा एकटाच आसतो का, पोरी?" एवढंच तो म्हणाला. त्या तलावानं घेतलेले सातजण कधी वर आलेच नव्हते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर त्या सकाळी भिवरा काठावर आली तेव्हा धुकं एवढं दाट होतं की बाभळीच्या पलीकडं तलाव आहे हे नुसत्या वासावरून कळावं. ओल्या चिखलाचा आणि शेवाळाचा वास. पाणी अजिबात हलत नव्हतं. पाणकोंबड्यासुद्धा गप्प होत्या. भिवरा टिचक्या मारत गेली. एक, दोन, तीन... नवव्या भोपळ्यापाशी तिचं बोट थांबलं.

वरून घूं घूं असा आवाज येत होता.

आधी पूर्वेकडून आला, मग डोक्यावर आला, मग उत्तरेकडं गेला आणि परत फिरला. एखादा भुंगा खोलीत अडकावा आणि त्याला दार सापडू नये, तसा तो आवाज धुक्यात फिरत होता. चुन्याचं वर्तुळ वरून दिसत नसणार, हे भिवराच्या लक्षात आलं. मग आवाज खोकल्यासारखा तुटला. पुन्हा लागला. पुन्हा तुटला. नंतर जुनं लुगडं टराटरा फाडावं तसं काहीतरी झालं आणि पाण्यावर प्रचंड चापट बसली.

त्यानंतर काहीच नाही. बऱ्याच वेळानं एक लाट आली आणि भिवराच्या पायाला लागून मागं गेली. घासलेटासारखा उग्र वास धुक्यातून पसरला.

आप्पा भाकरीचा हात तसाच घेऊन धावत आला. "किल्ली?"

"दरोगा काल आष्टीला गेल्यात."

"मग ऱ्हाऊ दे ती पेटी." त्यानं सांगड खाली घेतली, लांब नाडा तिला बांधला, दुसरं टोक काठावरच्या खुंट्याला दोन वेढे देऊन भिवराच्या हातात दिलं. सांगड पाण्यात लोटली आणि मग क्षणभर तो नुसताच उभा राहिला. त्याच्या ओठांवर नाव येत नव्हतं. येणार कुठून?

"मी सौताच जातो सांगडीवर," तो म्हणाला. "तू तोंड उघडू नकू. काय बी ऐकू आलं तरी उघडू नकू. तीन हिसके बसले की वढायचं."

"आप्पा..."

"म्या काय सांगितलं?"

भिवरानं मान हलवली. आप्पा सांगडीवर पोटावर झोपला आणि हातांनी वल्हवत निघाला. त्याच्या वजनानं भोपळे चार बोटं पाण्यात गेले होते. दहा हातांवर त्याचे पाय धूसर झाले आणि मग धुक्यानं त्याला पुसून टाकलं. नाडा मात्र भिवराच्या मुठीतून सरसर जात राहिला. तो जात होता तोवर बाप आहे, एवढं तिला कळत होतं.

नाडा थांबला.

मागं पावलं वाजली. शेजारची वच्छलाबाई होती, कमरेवर रिकामी घागर. विमानाचा आवाज तिनंही ऐकला होता. तिचा नवरा सटवा सहा वर्षांपूर्वी ह्याच तलावात गेला. म्हशीमागं पाण्यात उतरला होता. म्हैस तेवढी बाहेर आली. तेव्हापासून वच्छलाबाई रोज पहाटे पाण्याला येई आणि घागर भरल्यावर उगीच थोडा वेळ थांबे. तिनं घागर ठेवली आणि भिवराच्या मागं नाडा धरला.

धुक्यातून एक पुरुषी आवाज आला. भाषा कळेना. दोनदा काहीतरी ओरडला आणि तिसऱ्यांदा नुसता घुसमटला. मग पाणी सपसपलं. मग आप्पाचा खोकला... आप्पाचाच तो, भिवरा तो हजारांत ओळखेल. "भिव..." एवढं ऐकू आलं आणि पुढचा अर्धा शब्द पाण्यानं गिळला.

नाडा ढिला पडला.

भिवरा वाट पाहत राहिली. पाणी पुन्हा तव्यासारखं सपाट झालं. बापाचं सांगणं, भोयांची रीत, सगळं त्या क्षणी तिच्यातून निघून गेलं आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "सांगड तिथंच हाय! ज्याला यायचं त्यानं धरा!"

ओरडल्यावर तिला कळलं. तिनं दोन्ही ओठ दातांखाली धरले आणि मागं पाहिलं. वच्छलाबाई रागावेल असं तिला वाटलं होतं. पण बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भर धुक्यात कुणी तोंडासमोर दिवा धरावा, तसा तो उजळला होता.

"पुन्यांदा म्हण," वच्छलाबाई हळूच म्हणाली.

भिवराला पुन्हा म्हणवेना. तेव्हा तीच नाड्यावर वाकून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "हं... धरा."

नाडा ताणला गेला. हिसका नव्हता, संथपणे, कुणीतरी चाचपून पाहावं तसा. मग हिसका बसला. दुसरा. तिसरा. भिवरा ओढणार तोच चौथा बसला. पाचवा... सहावा... आठ झाले तेव्हा ते थांबले.

"वढ," वच्छलाबाई म्हणाली.

दोघींनी जोर लावला. आधी नाडा तसूभरही हलेना. एका माणसाची सांगड भिवरा एकटी ओढत आली होती, कितीदा तरी. आज दोघींच्या टाचा चिखलात रुतल्या, तळहातांची सालं निघाली, तरी ती हातभर यायची आणि थांबायची.

"काकी, लई जड हाय... ह्ये एक माणूस न्हाई..."

"सोडू नकू."

"काकी..."

"तुझा बाप आसंल त्यात. सोडशील?"

भिवरानं सोडलं नाही. खुंट्याला वेढे देत, रडत, ती ओढत राहिली.

सांगड धुक्यातून दिसू लागली. नव्हे, सांगड दिसतच नव्हती. चामड्याची टोपी घातलेला एक माणूस पाण्यावर पालथा पडला होता, नुसत्या पाण्यावर, आणि हळूहळू काठाकडं येत होता. त्याच्या बोटांनी जाळं घट्ट धरलं होतं. बारा भोपळे त्याच्या खाली पार बुडालेले. शिडशिडीत माणूस तो, आप्पाहूनही हलका. त्याच्या आजूबाजूला सांगड रिकामी होती.

सांगड चिखलाला लागली. आणि तिनं एक हेलकावा खाऊन अंग थोडं वर उचललं, जसं कुणी उतरल्यावर बाजेचं सुंभ वर येतं. पुन्हा एकदा उचललं. पुन्हा. दर वेळी भोपळ्यांच्या जाळ्यातून सुस्कारा सुटल्यासारखा आवाज येई, गुडघाभर पाणी दोन बाजूंना सरे आणि काठाच्या गुळगुळीत चिखलात एक पाऊल उमटे. मग त्याच्यापुढं दुसरं. अनवाणी, रुंद पंज्यांची पावलं, काठ चढून गावाकडं जाणारी. तळाच्या गाळाचा थंडगार वास भिवराच्या अंगाला घासून गेला.

तिला भ्यायला हवं होतं. पण देवाची पालखी दारावरून जाताना माणूस जसा आपोआप बाजूला होतो, तशी ती बाजूला झाली. हात जोडले गेले. तेही तिनं जोडले नव्हते.

सात वेळा सांगड उचलली गेली. सातव्यानंतर ती नेहमीसारखी चार बोटं बुडून स्थिर राहिली, एका विमानवाल्याला घेऊन.

वच्छलाबाईनं कपाळापर्यंत पदर ओढला होता आणि मान खाली घातली होती. मग ती वळली आणि पावलांच्या एका रांगेमागून, चार हात अंतर ठेवून, घराकडं चालू लागली. घागर तिथंच राहिली.

"आप्पा!" भिवरा पाण्यात धावली. "आप्पा!"

आप्पा पन्नास पावलांवर लव्हाळ्यात होता. कुशीवर व्यवस्थित निजवलेला, डोक्याखाली लव्हाळ्याची जुडी. तोंडातून पाणी गळत होतं आणि श्वास चालू होता. भिवरानं त्याची पाठ चोळली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"इमानाच्या तारंत पाय आडकला व्हता," तो म्हणाला. "कुणीतरी सोडिवला."

"इमानवाल्यानं?"

"न्हाई. त्याला म्या आदीच सांगडीवर चढिवलं व्हतं." त्यानं पायावरून हात फिरवला. "लई हात व्हते, भिवरे... तू हाळी दिली का?"

"दिली."

"नाव?"

भिवरानं मान खाली घातली. आप्पा काठावरच्या चिखलाकडं पाहत राहिला. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी सुंदरराव घोड्यावरून आले. येताच पेटी उघडून त्यांनी बुचाच्या दोन्ही बंड्या तलावात बुचकळल्या आणि काठावर वाळत घातल्या, कागदावर त्या वापरल्याचं लिहायला बरं. विमानवाला शुद्धीवर आला होता. त्यानं आपलं नाव सांगितलं. सुंदररावांनी ते आप्पाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "घे, हवं होतं ना तुला नाव?"

"आता काय करू त्याला," आप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई दारात आली. डोळे जागून लाल झाले होते, पण कपाळावरून पदर नीट घेतलेला. आत आली नाही.

"भिवरे, आप्पाचं एखादं कोरडं धोतर हाय का गं? जुनं आसलं तरी चालंल."

"कावून, काकी?"

वच्छलाबाई लाजल्यासारखी हसली. "घरात व्हतं नव्हतं ते रातभरात समदं वलं झालं."

भिवरानं बापाकडं पाहिलं. आप्पा भाकरीवरून नजर न उचलता म्हणाला, "दे. अन् माघारी मागू नकू."

तिनं दिलं. दुपारी तिकडून जाताना वच्छलाबाईच्या अंगणातल्या दोरीवर ते वाळत घातलेलं तिला दिसलं. पौषातलं कोरडं वारं सुटलं होतं, ऊन माळावर कडक पडलं होतं. दोरीखालची माती काळी झाली होती.

तिसऱ्या दिवशीही ते धोतर तिथंच होतं, आणि त्याच्या सोग्यातून पाणी ठिबकत होतं.