रुळांकडची भिंत

या वयात खोटं बोलून मला काय मिळणार? घडलं तसं सांगतो. थंडीतला मंगळवार होता, दुपारचे तीन. जागा आमची राहती खोली. आजही मी तिथेच राहतो.

आमच्याकडे स्टेशन आधी आलं, वस्ती नंतर. रूळ टाकायला, डबे धुवायला, हमाली करायला चारी दिशांची माणसं आली आणि इथलीच होऊन गेली. आमच्या मजल्यावर सात खोल्या आणि सहा भाषा. भांडायचं म्हटलं तरी हातवारे करावे लागत. म्हणून भिंतीवर ठोकायची रीत पडली. तीन ठोके म्हणजे मदत हवी. एक ठोका म्हणजे ऐकलं, आलो. ऐकूनही गप्प बसणाऱ्याला कोणी दारात उभं करत नसे.

सगळ्या खोल्यांची मागची भिंत एकच. तिच्यापलीकडे खोली नाही. फक्त रूळ.

मी रात्रपाळीला डबे धुवायचो. त्या दुपारी बायको बेकरीत कामाला निघाली.

"घोरत पडू नका. पोरगी जिन्यात गेली तर बघा हं."

"पाच वर्षांची आहे, पण तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

"बापावर गेली नाही, हेच नशीब," म्हणत तिने दार ओढलं.

पोरगी बाहुलीशी खेळत होती. माझा डोळा लागला...

टक. टक. टक.

मागच्या भिंतीतून.

अर्धवट झोपेत, सवयीने हात गेला. मी एकदा ठोकलं.

आणि अंधार झाला...

पाठीला भिंत. हात पुढे केला, तर पुढेही भिंत. खिडकी नाही. दार नाही. गाडी गेली तसं अंग हादरलं, पण गाडीचा आवाज आला नाही.

मग पोरीचं हसणं ऐकू आलं. तिच्याशी कोणीतरी बोलत होतं...

आवाज माझा होता.

मी जीव खाऊन तीनदा ठोकलं.

"बाबा, भिंत वाजतेय."

"वाजू दे."

"पण उत्तर द्यायचं असतं ना?"

तो आवाज म्हणाला, "तूच दे."

"थांब. आधी हिला झोपवते."

मी उत्तर दिलं म्हणून इथे आलो होतो. आता तिने दिलं की...

बाहुली झोपायला असा किती वेळ लागतो?

भिंत चाचपत मी पाच पावलं सरकलो. पलीकडे इस्त्रीवाल्या आजींची खोली. त्यांची भाषा मला दहा वर्षांत कळली नव्हती. पण त्यांनी कोणाचा ठोका कधी वाया जाऊ दिला नव्हता.

हे मला माहीत होतं. म्हणूनच सरकलो.

मी तीनदा ठोकलं.

टक.

उजेड आला. मी आजींच्या खोलीत उभा होतो. दाराला आतून कडी. इस्त्री तापलेली. सदऱ्याची एक बाही अजून चुरगळलेली.

आजी नव्हत्या.

मी धावत घरी आलो. पोरगी भिंतीपाशी एकटीच उभी होती, मूठ वळून. मी तिला उचललं.

"बाबा, आत्ता तर इथे होतास. दार न उघडता कसा गेलास?"

आजींना सगळ्यांनी शोधलं. मीही शोधल्यासारखं केलं.

चाळीस वर्षं झाली. बायको गेली. मुलगी सासरी नांदते, ये म्हणते. पण खोली मी सोडत नाही. सोडली तर नवं बिऱ्हाड येईल, आणि ते बिचारं उत्तर देईल.

दुपारी तीन वाजले की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो.

टक. टक. टक.

घाई नसते त्या ठोक्यांना. मी घरात आहे, हे आजींना माहीत असतं...